गोंदलं बँकॉकात, भरलं बोरिवलीत

थायलंडने १० नोव्हेंबर २०२३पासून भारतीयांना व्हिसा माफ केला आणि उपनगरातल्या तरुण मंडळींच्या सहलींचा नकाशाच बदलून गेला. पूर्वी लागून आलेल्या सुट्ट्यांत ऑफिसातला ग्रुप अलिबाग करायचा, फार झालं तर गोवा. आता अंधेरीहून विमानतळ रिक्षाच्या अंतरावर आणि तिथून चार-साडेचार तासांत बँकॉक. मुलुंडहून गणपतीपुळ्याला जायला याच्या दुप्पट वेळ लागतो, वर खड्डे. २०२४ या एका वर्षात २० लाखांहून अधिक भारतीय थायलंडला जाऊन आले. येताना बॅगेत सुकवलेले आंबे आणि डोकेदुखीच्या बामच्या बाटल्या असतात. कित्येकांच्या मनगटावर, पोटरीवर किंवा खांद्यामागे पारदर्शक प्लॅस्टिकखाली एक ताजं चित्रही असतं.

ते चित्र काढायला तास-दोन तास लागतात. फोटो त्या तासांचे निघतात, स्टेटसला तेच लागतात. पण सुईने केलेली जखम भरायला तीन-चार आठवडे घेते आणि ते आठवडे फुकेतच्या किनाऱ्यावर जात नाहीत. ते कांदिवलीच्या वन बीएचकेत, घाटकोपर स्टेशनच्या जिन्यावर, विरारहून भरून आलेल्या फास्ट लोकलच्या दारात जातात. टॅटू परदेशात काढला जातो, भरतो मात्र घरी. सहलीला जाणाऱ्याच्या हिशेबात नेमकी ही दुसरी बाजू नसते.

इथे काय कमी आहे, असं कोणीही विचारेल. अंधेरीच्या लोखंडवाला-वर्सोव्यापासून बोरिवलीपर्यंत स्टुडिओंची रांग लागली आहे. मालाडला सनी भानुशालीचा ‘एलियन्स टॅटू’ आहे, बांद्र्याला समीर पतंगेचा ‘क्रेयॉन्झ’. मॉलमध्ये मोबाइलच्या कव्हरांशेजारीही टॅटूची खुर्ची टाकलेली दिसते. दर बहुतेक ठिकाणी चौरस इंचावर असतो. जिथे घर चौरस फुटावर विकलं जातं तिथे हे ओघानेच आलं. तरीही मुलं बाहेरच काढून येतात, कारण घरी हिंमत होत नाही. आई काय म्हणेल, स्थळ बघायला आलेले काय म्हणतील, साहेब काय म्हणेल, या सगळ्यांची नजर बँकॉकच्या खाओ सान रोडवर नसते. चार मित्र असतात, संध्याकाळ असते, हातात बिअर असते. कोणीतरी म्हणतं, फ्रिजवर चिकटवायचं मॅग्नेट काय घ्यायचं, कायमचं काहीतरी घेऊ. पाचव्या मिनिटाला एक जण खुर्चीत बसलेला असतो.

बिअर आणि सुई यांचं जमत नाही, हे आधीच सांगून टाकतो. दारूने रक्त पातळ झाल्यासारखं जास्त वाहतं, शाई नीट बसत नाही. चांगला कारागीर प्यायलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवतो. जो पाठवत नाही, त्याच्याबद्दल तेवढी एक गोष्ट पुरेशी आहे.

खुर्चीत होतं ते असं. हातावरची लव वस्तऱ्याने काढतात, कातडी स्पिरिटने पुसतात, जांभळ्या रेघांचं स्टेन्सिल चिकटवून उचलतात. मग मशीन. या मशीनच्या मागे एडिसन आहे. त्याने १८७६ साली कागदाला भोकं पाडून नकला काढण्यासाठी विजेवर चालणाऱ्या पेनाचं पेटंट घेतलं. त्याच कल्पनेवरून न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ साली टॅटूच्या मशीनचं पेटंट मिळवलं. सुई एक ते दोन मिलिमीटर आत जाते. वरचा थर ओलांडून खालच्या थरात शाई पडली तर ती टिकते. वरच राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. फार खोल गेली तर पसरते आणि रेघ फुटते. आत पडलेली शाई आपल्याच पेशी गिळतात. परकं काही आलं की खाऊन टाकणं हे त्यांचं काम, पण हे कण त्यांना पचत नाहीत. मार्सेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवर दाखवलं की शाई गिळलेली पेशी मेली की कण मोकळे होतात आणि नवी पेशी ते पुन्हा गिळते. टॅटू कायमचा राहतो तो या न संपणाऱ्या गिळागिळीमुळे.

थोडक्यात, टॅटू म्हणजे हजारो टोचण्यांची उघडी जखम. पहिले दोन-तीन दिवस लस येते, शाईमिश्रित पाणी चादरीला लागतं. चौथ्या-पाचव्या दिवशी पापुद्रे सुटायला लागतात आणि अशी खाज सुटते की माणूस मीटिंगमध्ये हात चोळत बसतो. वरची कातडी जुळायला दोन-तीन आठवडे, आतली जुळायला त्याहून जास्त. या काळात उन्हात जायचं नाही, पोहायचं नाही, खपली काढायची नाही.

आता पाच रात्री सहा दिवसांच्या टूरचं वेळापत्रक याशेजारी ठेवा. दुसऱ्या संध्याकाळी टॅटू, तिसऱ्या सकाळी स्पीडबोटीने पटायाचं कोरल आयलंड, चौथ्या दिवशी हॉटेलचा पूल. २०१७ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक प्रकरण छापून आलं. ३१ वर्षांच्या एका माणसाने पायावर टॅटू काढला आणि पाच दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला. उबदार खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ जातीचा जंतू जखमेतून आत गेला. त्याचं यकृत दारूने आधीच खराब होतं. तो वाचला नाही. असं दर गिऱ्हाइकाचं होत नाही, हे उघड आहे. पण टूरवर जाऊन टॅटू काढायचाच असेल तर तो विमान पकडण्याच्या आदल्या दिवशी काढावा, समुद्र आधी उरकून घ्यावा, एवढा धडा त्यातून घेता येतो.

घरी आल्यावरचे शत्रू निराळे. दिवाळीच्या सुट्टीत गेलेली मुलं परततात तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा आणि घाम असतोच. त्यातून नरक चतुर्दशीची पहाट आली तर आई कढत तेल आणि उटण्याची वाटी घेऊन उभी! आठ दिवसांच्या टॅटूवर उटणं घासणं म्हणजे खपलीसकट शाई खरवडणं. अभ्यंगस्नान करावं, तेवढा हात किंवा पाय वगळून. आजीची हळदही नको. जिथे पूर्वी गोंदणावर हळद लावत, तिथे आता साधा, वास नसलेला साबण आणि पातळ मलम पुरतं. सगळ्यात वाईट सवय आपल्या केमिस्टच्या काउंटरवर सापडते. खाज सुटली की लोक एक ट्यूब मागतात आणि स्टिरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक एकत्र कोंबलेलं मलम चिठ्ठीवाचून मिळतं. त्याने लाली दबते, जंतू आत मजेत वाढतात.

सगळ्या गोष्टी पहिल्या आठवड्यात कळत नाहीत, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात २०११-१२च्या सुमारास १९ जणांच्या टॅटूवर राखाडी छटेच्या भागात पुरळ उठलं. क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ, मायकोबॅक्टेरियम, त्यात सापडला. सुया स्वच्छ होत्या, कारागीरही नीटनेटका होता. दोष निघाला कारखान्यातून पातळ करून आलेल्या शाईत. तेव्हा मलमाने न जाणाऱ्या पुटकुळ्या तिसऱ्या आठवड्यात दिसल्या, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन टॅटू कुठे आणि कधी काढला हे सांगायचं. लाली पसरत असेल, भाग गरम लागत असेल, पू किंवा ताप असेल तर तिसऱ्या आठवड्याची वाट बघायची नाही.

*

उपनगरात एकेकाळी अंगावर शाई असणं ही काही बंडखोरी नव्हती. आरे कॉलनीच्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या पाड्यांमध्ये वारली घरांतल्या म्हाताऱ्या बायांच्या हातांवर आजही गोंदण दिसतं. गिरणगावातून मुलुंड-बोरिवलीला येऊन स्थिरावलेल्या घरांत घाटावरून, कोकणातून आलेल्या आज्या होत्या. कपाळावर टिंब, हनुवटीवर टिंब, हातावर तुळशीवृंदावन. गोंदणारीण भटक्या समाजातली. तीन-चार सुया एकत्र बांधलेल्या, काजळी पाल्याच्या रसात खललेली. मुलगी रडू नये म्हणून ती गाणं म्हणायची, मोबदल्यात धान्य किंवा जुनं लुगडं घ्यायची. मेल्यावर दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, ही समजूत माझ्या आजीच्या पिढीत पक्की होती. पुढे जत्रेत बॅटरीवर चालणारी मशीनं आली आणि पुरुषांच्या हातावर नावं, बदाम, विंचू उमटले. एकाच सुईने शंभर हात. त्या काळाबद्दल उमाळा येण्याची गरज नाही. कावीळ आणि धनुर्वात त्याच सुईने हिंडत.

एक गोष्ट मात्र त्यात होती जी खाओ सान रोडवर नाही. गोंदणारीण पुढच्या वर्षी त्याच जत्रेला परत यायची. बिघडलं तर तिला जाब विचारता येत असे.

परदेशात टॅटू काढण्याचं एकच कारण मला पटतं: जे तिथेच होतं, ते तिथे जाऊन घ्यावं. थायलंडचं ‘साक यांत’ हे त्यातलं. बँकॉकच्या पश्चिमेला नाखोन पाथोम प्रांतात वाट बांग फ्रा नावाचा विहार आहे. तिथले भिक्खू लांब धातूच्या सळईने, मशीनशिवाय, पाठीवर ‘यांत’ म्हणजे यंत्रं गोंदतात. शिष्य दोन्ही बाजूंनी कातडी ताणून धरतात, गोंदणारा टोचत जातो, शेवटी मंत्र म्हणून फुंकर घालतो. अक्षरं जुन्या ख्मेर वळणाची, भाषा पाली. आकृत्यांमध्ये वाघ असतो, राहू असतो, आणि आपला मारुतीही असतो. तिथे त्याला हनुमानच म्हणतात. दर वर्षी मार्चच्या सुमाराला गुरुपूजनाचा मोठा मेळा भरतो. अंगावर वाघ असलेला वाघासारखा गुरगुरत, मारुती असलेला माकडासारखा उड्या मारत व्यासपीठाकडे धावतो आणि स्वयंसेवक त्यांना अडवून कान चोळून शांत करतात. आपल्याकडे अंगात येणं पाहिलेल्याला हे परकं वाटणार नाही.

यांत घेणाऱ्याला नियम पाळायचे असतात: खोटं बोलायचं नाही, चोरी करायची नाही, आईबापांचा अपमान करायचा नाही. भिक्खू स्त्रियांना स्पर्श करत नाहीत, त्यामुळे बायकांनी विहाराऐवजी गृहस्थ आचार्यांकडे जावं हे सोयीचं. अँजेलिना जोलीने २००३ साली पाठीवर पाच ओळींचं यांत घेतलं ते अशाच एका आचार्याकडून. त्यानंतर त्या पाच ओळी जगभर पोचल्या आणि आता बोरिवलीच्या आय.सी. कॉलनीतही खांद्यांवर दिसतात. अडचण स्वच्छतेची. एक सळई, एक शाईची वाटी आणि रांगेतले अनेक जण, ही विहारांतली जुनी पद्धत. सळई नुसती स्पिरिटमध्ये बुडवून काढल्याने हिपॅटायटिस बी आणि सी जातातच असं नाही. श्रद्धा असेल तर नवी सुई आणि वेगळी शाई देणारा आचार्य शोधावा, असे आहेत.

फिलिपिन्सच्या कालिंगा डोंगरात बुस्कालान गावी वांग-ओद नावाची आजी आहे. एप्रिल २०२३मध्ये ‘व्होग फिलिपिन्स’ने तिला मुखपृष्ठावर घेतलं तेव्हा तिचं वय १०६ सांगितलं गेलं. काडीला खोचलेला काटा, लिंबू-पपनसाच्या झाडाचा, आणि चुलीची काजळी. काडीवर दुसऱ्या काडीने टकटक करत ती गोंदते. आता ती बहुतेक फक्त तीन टिंबं काढते, तीच तिची सही. बाकीचं तिच्या भावंडांच्या नाती करतात. काजळी आणि काटा! आमच्या आजीला विमानाचं तिकीट काढून तिथे नेलं असतं तर तिने विचारलं असतं, यासाठी एवढ्या लांब आणलंस?

*

गोराईच्या खाडीपलीकडचा विपश्यना पॅगोडा बोरिवलीच्या उंच इमारतींतून सोनेरी दिसतो. २००९ साली तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांनी तो खुला केला. घाट म्यानमारच्या श्वेडगॉनचा. उपनगरांत बौद्ध वस्ती मोठी आहे आणि तरुणांच्या दंडावर बाबासाहेबांची सही, ‘जय भीम’, बुद्धाचा चेहरा प्रेमाने गोंदलेला असतो. या मुलांनी श्रीलंकेचं किंवा थायलंडचं तिकीट काढण्याआधी पुढची हकिगत वाचावी.

एप्रिल २०१४मध्ये एक ब्रिटिश परिचारिका मुंबईच्या विमानाने कोलंबोला उतरली. तिच्या उजव्या दंडावर कमळात बसलेला बुद्ध होता. ती स्वतः बौद्ध आचरण करणारी. विमानतळाबाहेर तिला अटक झाली, चार दिवस कोठडीत काढावे लागले आणि मग देशाबाहेर घालवण्यात आलं. ती कोर्टात गेली. २०१७ साली श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला असं सांगून ८ लाख श्रीलंकन रुपये भरपाई दिली. निकाल तिच्या बाजूने लागला, पण साडेतीन वर्षांनी. बँकॉकमध्येही विमानतळाच्या रस्त्यावर फलक आहेत: बुद्ध सजावटीसाठी नाही, टॅटूसाठी नाही. भारतातल्या बौद्धाला बुद्ध दंडावर घेणं ही ओळख वाटते; थेरवादी देशांत शरीर, त्यातही कमरेखालचं, अपवित्र मानलं जातं. दोघांचीही भावना खरी आहे. पण इमिग्रेशनच्या खिडकीवर वाद घालायला जागा नसते. फुल बाह्यांचा शर्ट घालून उतरा.

जपानला जाणाऱ्यांची अडचण वेगळी. तिथे १८७२ साली टॅटूवर बंदी आली, १९४८ साली उठली. २०२०मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टॅटू काढायला डॉक्टर असण्याची गरज नाही असा निर्णय दिला. तरी याकुझा टोळ्यांच्या आठवणीमुळे गरम पाण्याच्या बऱ्याच सार्वजनिक स्नानगृहांत टॅटूवाल्यांना आजही मज्जाव आहे. छोटा असेल तर पट्टी चिकटवून चालतं. मोठ्या टॅटूवाल्याने खासगी स्नानाची खोली मिळते का ते आधी पाहावं.

आणि परदेशी लिपीत काढणाऱ्यांनी डेव्हिड बेकहॅम आठवावा. बायकोचं नाव त्याने हातावर देवनागरीत लिहून घेतलं, तेही चुकीचं, आणि अख्खा भारत हसला. थाई अक्षरं वाचून दाखवायला आपल्या सोसायटीत कोणी नसतं, एवढाच काय तो दिलासा.

घरच्या मैदानातही किंमत मोजावी लागते. सकाळी घाटकोपर-मुलुंडच्या मैदानांवर भरतीसाठी धावणारी मुलं दिसतात. सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो फक्त कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर. आदिवासी समाजांना परंपरेनुसार सूट आहे. सीआयएसएफ, बीएसएफसारख्या दलांत धार्मिक चिन्ह किंवा नाव, तेही सलाम न करणाऱ्या म्हणजे डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, आणि त्या भागाच्या पावपटीपेक्षा लहान. मित्राबरोबर पटायाला जाऊन मानेवर ड्रॅगन काढलेल्याची धावण्याची वेळ कितीही चांगली असली तरी मेडिकलमध्ये त्याचं काम संपतं. अंधेरीत केबिन क्रूचे क्लास लावणाऱ्या मुलींनीही बघून घ्यावं: एमिरेट्ससारख्या कंपनीत गणवेशात दिसेल असा टॅटू चालत नाही.

मग लेझर आहे, असं मुलं म्हणतात. आहे. काळी शाई त्याने बऱ्यापैकी फिकी होते. हिरवी, पिवळी, आकाशी सहजी दाद देत नाही. प्रत्येक वेळेनंतर सहा ते आठ आठवडे थांबायचं आणि अशा अनेक खेपा घालायच्या. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरे किंवा काळे डाग राहण्याचा, कोणाकोणाला वाढीव व्रण उठण्याचा धोका गोऱ्यांपेक्षा जास्त. त्यापेक्षा चुकलेल्या चित्रावर दुसरं चित्र काढून घेणारे जास्त. परदेशी घाईची अशी डागडुजी करणं हा उपनगरातल्या स्टुडिओंचा धंदाच आहे.

शाईबद्दल सरकारी पातळीवर आपण मागे आहोत. युरोपीय संघाने जानेवारी २०२२पासून टॅटूच्या शाईतल्या चार हजारांवर रसायनांवर निर्बंध आणले. पुढच्या वर्षी एक निळा आणि एक हिरवा रंगही बंद केला. आपल्याकडे टॅटू काढणाऱ्याला परवाना लागतो असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे बँकॉक वाईट आणि बोरिवली चांगली असा निकाल मी देणार नाही. बोरिवलीच्या बाजूने मुद्दा एवढाच की कारागीर हाकेच्या अंतरावर असतो. सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगता येतं, शाई छोट्या टोपणात ओतताना बघता येते, दहाव्या दिवशी जाऊन हात दाखवता येतो. बिघडलं तर दारात उभं राहता येतं, आणि भांडण आपल्या भाषेत करता येतं. हौसेचं फुलपाखरू, नाव, लाट, होकायंत्र इथेच काढा. यांत किंवा काट्याचं गोंदण हवं असेल तर तिथे जा, त्यासाठीच जा, आणि शेवटच्या दिवशी घ्या.

आता एक विनंती. महाराष्ट्र दिन, आंबेडकर जयंती, दहीहंडी, गणपती, कुठल्याही निमित्ताने आपल्या मंडळांत रक्तदान शिबिरं होतात आणि टॅटूवाली तरुण मुलंच रांगेत पुढे असतात. नियम असा आहे की टॅटू काढल्यापासून बारा महिने रक्त देता येत नाही. टॅटू बँकॉकचा असो की बोरिवलीचा. हिपॅटायटिस आणि एचआयव्हीचा संसर्ग अगदी ताजा असेल तर रक्ताच्या तपासणीत तो सुटू शकतो, म्हणून ही मुदत. शिबिरातल्या फॉर्मवर टॅटूबद्दल प्रश्न असतो. मित्रांसमोर मागे हटायला नको म्हणून तिथे ‘नाही’ लिहू नका. तारीख लिहा, या वर्षी खुर्च्या मांडायला आणि बिस्किटं वाटायला उभे राहा, आणि पुढच्या वर्षी रक्त द्या.